‘लिस्ट’च्या स्वाध्यायांची स्वयंचलित तपासणी : कसोटी नेमकी कशाची? (अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांच्या संदर्भात एक चिकित्सा)

गोषवारा : प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांतील ‘लिस्ट’वरील स्वाध्याय संगणकाकडूनच तपासून घेण्याची सोय आता ग्रामीण महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली आहे. अशी तपासणी विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममधील नेमके काय वाचते आणि काय वाचत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. यंत्र नाकारावे असे लेखाचे प्रतिपादन नाही. विद्यार्थ्याला गुण देण्यापूर्वी कसोटीचीच पारख व्हावी, एवढाच त्याचा आग्रह आहे.

बीजसंज्ञा : लिंक्ड लिस्ट, स्वयंचलित तपासणी, लॅब बुक, कसोटी, मूल्यमापन.

१. प्रास्ताविक

अकोले ते जामखेड अशा चौदा तालुक्यांत पसरलेला अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘डेटा स्ट्रक्चर्स’ या विषयाची खरी ओळख वर्गात होत नाही. ती प्रयोगशाळेत, विद्यापीठाच्या लॅब बुकमधून होते. त्या पुस्तिकेची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे : सेट ए, सेट बी आणि सेट सी असे चढत्या काठिण्याचे स्वाध्याय, आणि शेवटी शिक्षकाने भरावयाची शून्य ते पाच ही श्रेणी. लिंक्ड लिस्ट तयार करणे, तीत नोड घालणे, काढणे आणि ती उलटी करणे, हे स्वाध्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

एका बॅचमधील प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम प्रात्यक्षिकाच्या ठरावीक वेळात वाचून पाहणे शिक्षकाला जवळजवळ अशक्य असते. मूडलसारख्या मुक्त प्रणालीला ‘कोडरनर’ किंवा ‘व्हीपीएल’ जोडून हे काम यंत्राकडे सोपवता येते. त्यामुळे ते सोपवावे का, यापेक्षा सोपवताना आपण नेमके काय सोपवतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

२. पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट येथे विद्यार्थ्यांचे पंचकार्डांवरील प्रोग्रॅम यंत्राकडून तपासून घेण्याच्या प्रयोगाची माहिती जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे एनपीटीईएलच्या प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमांनी ही पद्धत घरोघरी पोहोचवली. काही कसोट्या विद्यार्थ्याला दिसणाऱ्या, काही झाकलेल्या, आणि गुण झाकलेल्या कसोट्यांवर, हा प्रकार आज आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. साधने बदलली तरी गाभा तोच राहिला : ठरावीक माहिती पुरवावी, बाहेर पडणारे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहावे.

३. उत्तर बरोबर, रचना मात्र जशीच्या तशी

या गाभ्यातील उणीव लिस्टच्या स्वाध्यायात जितकी उघड होते, तितकी क्वचितच अन्यत्र होत असेल. ‘लिंक्ड लिस्ट उलटी करा’ हा स्वाध्याय घेऊ. १०, २०, ३० ही माहिती दिल्यावर ३०, २०, १० छापले गेले की यंत्र पूर्ण गुण देते. परंतु हे उत्तर किमान तीन मार्गांनी येऊ शकते. पहिला विद्यार्थी प्रत्येक नोडमधील पॉइंटर मागे वळवतो. दुसरा रिकर्शनचा उपयोग करून शेवटच्या नोडपासून छापत येतो. त्याच्या लिस्टमधील एकही दुवा हललेला नसतो. तिसरा सर्व संख्या ॲरेमध्ये भरून तो ॲरे उलट छापतो; त्याने लिस्ट बांधलेलीच नसते. पडद्यावर तिघांचे उत्तर अक्षरशः एकच असते.

स्वाध्यायाचा हेतू पॉइंटर वळवण्याची समज हा आहे. एक दुवा तोडण्यापूर्वी पुढच्या नोडचा पत्ता जपून ठेवला नाही, तर उरलेली लिस्ट हातची जाते, हे विद्यार्थ्याला स्वतः अनुभवावे लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या विद्यार्थ्याला हा अनुभव आलाच नाही. तरीही यंत्राने त्यांना तो आल्याचा दाखला दिला. त्यांनी फसवणूक केली असेही म्हणता येत नाही. प्रश्न जेवढा विचारला गेला, तेवढ्याचे उत्तर त्यांनी दिले.

पायथनमध्ये हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. लिस्टमधील सर्व २ काढून टाकण्यासाठी विद्यार्थी त्याच लिस्टवर फेरी चालवतो आणि फेरी चालू असतानाच घटक काढतो. [२, १, २, ३] ही कसोटी असेल तर उत्तर [१, ३] असे अचूक येते. [१, २, २, ३] दिल्यास मात्र एक २ मागे राहतो, कारण घटक काढताच पुढचे घटक एक घर सरकतात आणि फेरी त्यातील एकावरून उडी मारते. चूक दोन्ही वेळा तीच असते. लगतची पुनरावृत्ती असलेली कसोटी शिक्षकाला सुचली असेल तरच ती दिसते. कसोट्यांनी दोषाचे अस्तित्व दाखवता येते, त्याचा अभाव नव्हे, हा डाइक्स्ट्रा यांचा इशारा येथे शब्दशः लागू पडतो.

४. रचना बरोबर, उत्तर मात्र ‘चूक’

याच्या उलट अन्यायही घडतो, आणि तो अधिक जिव्हारी लागणारा असतो. आपल्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याला प्रथमपासून शिकवले जाते की माहिती घेण्यापूर्वी पडद्यावर विनंतीचे वाक्य छापावे. यंत्राला ते वाक्य नको असते. लिस्टची रचना निर्दोष असूनही केवळ त्या वाक्यामुळे, एखाद्या जादा रिकाम्या जागेमुळे किंवा शेवटी ‘नल’ हा शब्द छापल्यामुळे प्रोग्रॅम नापास होतो. शहरी विद्यार्थी याची युक्ती मित्राकडून शिकून घेतो. मराठी माध्यमातून आलेल्या, घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला मात्र इंग्रजीतील ‘चूक उत्तर’ एवढाच शेरा दिसतो. तो पॉइंटरचे बरोबर असलेले तर्कशास्त्र बदलू लागतो. अशा वेळी यंत्र त्याचे शिकलेले पुसून टाकते.

५. दोष केवळ यंत्राचा नव्हे

हा सारा दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. लॅब बुकमधील श्रेणी पाहावी : झाले नाही, अपूर्ण, उशिरा पूर्ण, सुधारणा आवश्यक, पूर्ण, उत्तम. या सहा पायऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्या काम किती आणि केव्हा झाले हे सांगतात. कोठे चुकले हे एकही सांगत नाही. घाईच्या वेळी आपणही पडद्यावरील उत्तर पाहूनच सही करतो. यंत्राने आपली सवयच अधिक वेगाने पुढे चालवली आहे. शिवाय यंत्र थकत नाही, ओळखीचा चेहरा पाहत नाही आणि रात्री अकरा वाजताही उत्तर देते, हे गुण कमी लेखता येणार नाहीत.

६. कसोटीची पारख

उपाय दुष्कर नाहीत. लिस्ट उलटी केल्यानंतर लगेच तिच्या सुरुवातीला ५ घालावयास सांगून पुन्हा छापावयास लावावे. दुवे खरोखर वळले असतील तर ५, ३०, २०, १० येईल. केवळ उलट छापणाऱ्याचे पितळ तेथे उघडे पडेल. ॲरे वापरणाऱ्याला मात्र हीही कसोटी पकडणार नाही. त्यासाठी नोडची रचना शिक्षकाने द्यावी आणि छापील उत्तराऐवजी विद्यार्थ्याचे फंक्शन तपासावे. त्यामुळे विनंतीच्या वाक्याचा प्रश्नही आपोआप सुटतो.

क्लासेन आणि ह्यूजेस यांनी २००० मध्ये हॅस्केल भाषेसाठी मांडलेल्या ‘क्विकचेक’ने आणखी एक वाट दाखवली आहे : ठरावीक उत्तराऐवजी गुणधर्म तपासावा आणि माहिती यंत्रानेच वाटेल तशी निर्माण करावी. मात्र गुणधर्मही पारखून घ्यावा लागतो. ‘दोनदा उलटल्यास मूळ लिस्ट मिळते’ हा गुणधर्म काहीच न करणारा प्रोग्रॅमही पाळतो. ‘दोन लिस्ट जोडून उलटणे म्हणजे दुसरी उलटून तिला पहिली उलटून जोडणे’ आणि ‘एका घटकाची लिस्ट उलटून तीच राहते’ हे दोन गुणधर्म एकत्र घेतल्यास मात्र पळवाट उरत नाही.

म्हणून साधा नियम सुचवावासा वाटतो. कसोटी वर्गापुढे ठेवण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः काही हेतुपुरस्सर चुकीचे प्रोग्रॅम लिहावेत : रिकाम्या लिस्टवर कोसळणारा, एकाच नोडवर चुकणारा, शेवटचा नोड गमावणारा, फक्त उलट छापणारा. जी कसोटी यांना नाकारत नाही, तिला विद्यार्थ्याला नाकारण्याचा अधिकार नाही.

७. समारोप

स्वयंचलित तपासणीने वाचणारा वेळ कोठे जातो, यावर तिचे मूल्य ठरेल. तो नोंदी भरण्यात गेला तर काहीच साधले नाही. तो विद्यार्थ्याच्या शेजारी बसून, कागदावर चौकोन आणि बाण काढून, ‘हा बाण तोडलास तर पुढचा नोड कसा सापडेल?’ असे विचारण्यात गेला, तर ग्रामीण महाविद्यालयातील अपुऱ्या मनुष्यबळावर हा खरा उतारा ठरेल. त्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही कसोटी छापून घेऊ शकत नाही. ते ऐकून घेण्याचे काम शिक्षकाकडेच राहिले पाहिजे.