अनुभवाचे धनी आणि सिद्धांताचे कर्ते : गोपाळ गुरू यांच्या विचारांची चिकित्सा

राजकीय सिद्धांत, युरोपीय तत्त्वज्ञान आणि सामाजिक चळवळी ही तीन क्षेत्रे आपल्याकडे सहसा तीन वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. सिद्धांत शिकविणारा चळवळीपासून दूर असतो, चळवळीतील कार्यकर्त्याला फुको किंवा मेर्लो-पाँती यांच्याशी कर्तव्य नसते आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात जातीचा विषय निघालाच तर तो अभ्यासक्रमाबाहेरचा समजला जातो. गोपाळ गुरू यांची अकादमिक कारकीर्द या विभागणीला ठळक अपवाद आहे. पुणे, दिल्ली आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथे त्यांनी राज्यशास्त्राचे अध्यापन केले. 2018 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकाचे संपादकपद स्वीकारले. महाराष्ट्रातील दलित चळवळ हा त्यांच्या चिंतनाचा आरंभापासूनचा आधार राहिला. प्रस्तुत लेखात त्यांच्या समग्र लेखनाचा आढावा घ्यावयाचा नसून त्यांनी उपस्थित केलेल्या एकाच प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे. सिद्धांत कोणी करावयाचा, आणि कोणत्या सामग्रीतून?

हा प्रश्न गुरूंनी 2002 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील एका निबंधात मांडला. भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, अशी पृच्छा करून त्यांनी दाखवून दिले की, समतेचा पुरस्कार करणाऱ्या या शास्त्रांच्या अंतर्गत रचनेतच वर्णव्यवस्थेसारखी उतरंड आहे. संकल्पना घडविण्याचे काम मोजक्या महानगरी संस्थांतील उच्चजातीय अभ्यासक करतात; माहिती गोळा करण्याचे काम इतरांकडे येते. दलित अभ्यासकाकडून दलितांविषयीच्या तपशिलाची अपेक्षा केली जाते, न्याय वा स्वातंत्र्य यांच्या व्याख्येची नाही. मात्र गुरू केवळ तक्रार करून थांबत नाहीत. सिद्धांताकडे पाठ फिरविणाऱ्या दलित अभ्यासकांनाही ते जाब विचारतात आणि सिद्धांतन ही दलितांची नैतिक जबाबदारी आहे, असे बजावतात. त्या निबंधातील हा भाग अधिक धारदार असून त्याचीच चर्चा आपल्याकडे कमी झाली.

मराठवाड्यातील महाविद्यालयीन संशोधनाकडे पाहिले असता गुरूंच्या निरीक्षणाची सत्यता पटते. अमुक तालुक्यातील तमुक घटकाची सामाजिक-आर्थिक स्थिती : एक अभ्यास, या साच्यातील प्रबंधिका कोणत्याही ग्रंथालयात सापडतात. गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, निष्कर्ष, शिफारशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण जोडल्यानंतर या साच्याला आणखी वेग आला. एम.फिल. ही पदवी 2022 च्या नियमावलीने बंद झाली. साचा कायम आहे. यात कष्ट नसतात असे नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरात स्थलांतर, उचल आणि अपमान हे रोजचे विषय आहेत, तोही त्याच विषयावर लिहिताना संकल्पना दुसरीकडून उसनी आणतो आणि स्वतःचे जग तक्त्यात बसवितो. गुरूंचा आक्षेप नेमका येथे लागू पडतो.

या निबंधाला तत्त्वज्ञ सुंदर सारुक्काई यांनी 2007 साली प्रतिसाद दिला. त्या संवादातून 2012 साली 'द क्रॅक्ड मिरर' हा दोघांचा संयुक्त ग्रंथ सिद्ध झाला. अनुभव आणि सिद्धांत यांच्या नात्यावर इतकी सलग व निर्भीड वादचर्चा भारतीय सामाजिक शास्त्रांत विरळाच. जो अनुभव नाकारण्याचे किंवा सोडून जाण्याचे स्वातंत्र्य भोगणाऱ्याला नसते तोच खऱ्या अर्थाने जगलेला अनुभव होय, असा सारुक्काईंचा निकष आहे. चार दिवस वस्तीवर राहून आलेल्या अभ्यासकाचा अनुभव या निकषावर टिकत नाही, कारण त्याला परतीची वाट असते. अनुभवाचा धनी आणि अनुभवाचा कर्ता यांतही ते भेद करतात. 'जगलेला अनुभव' हा शब्दप्रयोग मराठीत रुळत असला तरी तो काहीसा फिका आहे, हे येथे जाता जाता नोंदवावे. 'भोगणे', 'सोसणे', 'वाट्याला येणे' या क्रियापदांत निवडीचा अभाव आधीच गृहीत आहे. इंग्रजीत परिच्छेदभर युक्तिवाद करून जे सिद्ध करावे लागते, ते मराठीत क्रियापदातच असते.

अस्पृश्यतेवरील दोन प्रकरणे हा या ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग होय. गुरू फुकोकडून उत्खननाची पद्धती घेतात, पण ती वापरून पंचमहाभूते, देह आणि शुद्धाशुद्ध यांच्या येथल्या कल्पनांचे थर उकरतात. सारुक्काई युरोपीय दृश्यघटनाशास्त्र आणि भारतीय परंपरेतील त्वचेची संकल्पना यांना समोरासमोर आणतात. स्पर्श करणारा स्वतःही स्पर्शिला जात असतो, हे मेर्लो-पाँतीचे सूत्र धरून ते विचारतात की, स्पर्श नाकारणाऱ्याचे काय होते? त्यांच्या मते अस्पृश्यता मुळात नाकारणाऱ्याच्या ठायी असते. तिचा भार मात्र दुसऱ्याच्या देहावर टाकला जातो. युरोपीय तत्त्वज्ञान वापरायचे म्हणजे त्याची भाष्ये लिहायची, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती चुकीची असल्याचा हा उत्तम पुरावा ठरावा.

तथापि गुरूंच्या 2002 च्या मांडणीत एक अडचण आहे आणि ती मराठी वाचकाला अधिक जाणवते. कविता ही सिद्धांताला पर्याय होऊ शकत नाही, असे ते म्हणतात. कविता प्रतिमेतून बोलते, विशिष्टात रमते. सार्वत्रिकाकडे जाण्यासाठी संकल्पनाच लागते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. या इशाऱ्यामागील चिंता खरी आहे. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराने आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने मराठवाड्याला लेखकांच्या पिढ्या दिल्या. त्या प्रमाणात राजकीय सिद्धांत लिहिणारे दिले नाहीत. नामांतराच्या लढ्याचेच उदाहरण घ्यावे. 27 जुलै 1978 चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतरचे अत्याचार आणि 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार या सोळा वर्षांवर गीते, कविता व आठवणी विपुल आहेत. एका नावासाठी माणसे जीव का देतात आणि घरे का जाळतात, या प्रश्नातून मान्यतेच्या राजकारणाचा सिद्धांत येथेच घडू शकला असता. विद्यार्थी तो चार्ल्स टेलर यांच्या पुस्तकातून शिकतात.

एवढे मान्य करूनही साहित्य आणि सिद्धांत यांच्यामध्ये गुरूंनी ओढलेली रेषा फार सरळ वाटते. दया पवार यांचे 'बलुतं' (1978), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (1984) ही शीर्षके केवळ प्रतिमा नाहीत. 'बलुतं' हा श्रम, हक्क आणि भीक यांच्यामधील संबंधाचा विचार आहे. 'उपरा' हा नागरिकत्वाचा, तर 'अक्करमाशी' हा वारसा आणि वैधता यांचा. त्यांचे संकल्पनांत रूपांतर झाले नाही, हा दोष त्या लेखकांचा नव्हे, राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे. शर्मिला रेगे यांनी हे काम एका अंगाने करून दाखविले. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, या गुरूंच्या 1995 च्या निबंधाची 1998 मध्ये चिकित्सा करून त्यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली आणि 2006 च्या ग्रंथात बेबी कांबळे प्रभृतींची आत्मकथने साक्ष म्हणून, ज्ञान म्हणून वाचली. विद्यापीठाबाहेर राहून शरद पाटलांनी मराठीतच सिद्धांतन केले, हेही विसरता येत नाही. गुरूंचे प्रमुख सैद्धांतिक लेखन इंग्रजीत आहे. त्यामुळे ज्यांना उद्देशून ते जबाबदारीची भाषा बोलतात त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत ते दुसऱ्या हातानेच पोहोचते.

ही चर्चा बीड जिल्ह्यात आणून तपासली तर तिचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही दिसतात. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या जगात 'कोयता' हे अवजाराचे नाव आहे, तसेच ते मोजमापाचे एककही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. आधुनिक राजकीय सिद्धांताचा करार करणारा माणूस, मग तो लॉकचा असो वा रॉल्सचा, एकटा असतो आणि त्याचा देह त्याच्या मालकीचा असतो. येथे एका करारात दोन देह आहेत आणि उचल बहुधा एकाच्याच हाती पडते. संमती कोणाची, कर्ज कोणाचे? 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. हा आकडा सर्वत्र छापला गेला. पाळीमुळे कामात पडणारा खाडा, खाड्याचा दंड आणि शस्त्रक्रिया यांना जोडणारी संकल्पना मात्र राज्यशास्त्राने अद्याप दिलेली नाही. 2009 साली संपादित केलेल्या अपमानविषयक ग्रंथात गुरूंनी अपमान ओळखण्याची आणि नाकारण्याची क्षमता हा अपमानाच्या अर्थाचाच भाग मानला. जिथे नाकारण्याची जागाच कराराने बुजविली आहे तिथे या व्याख्येचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांना विचारणे आवश्यक आहे.

अनुभवाच्या मालकीचा प्रश्नही येथे सरळ राहत नाही. ऊसतोड कामगारांत वंजारी, बंजारा, दलित, मराठा अशा अनेक जातींची कुटुंबे आहेत. फडातील श्रमाचा अनुभव त्यांना समान, गावातील जातीचा अनुभव असमान. धनी कोणाला म्हणावे? आणि या कुटुंबांतून शिकून महाविद्यालयात नोकरीला लागलेल्या प्राध्यापकाचे स्थान काय? सारुक्काईंच्या निकषानुसार त्याला आता परतीची वाट आहे. त्याचे आई-वडील, भाऊ, वहिनी कदाचित अजून फडात असतील. तो सुटला आहे. गुरूंच्या निकषानुसार सिद्धांताची जबाबदारी सर्वांत आधी त्याच्यावरच येते. दोन्ही निकष एकाच वेळी खरे मानले तर तो अनुभवाचा पुरता धनी राहिलेला नाही आणि सिद्धांताचा कर्ता अजून झालेला नाही. 'द क्रॅक्ड मिरर'मधील वादचर्चेत या मधल्या माणसाला पुरेशी जागा मिळालेली नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी उच्चशिक्षण पोहोचल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्याचीच संख्या वाढली आहे.

तूर्त तो प्रश्नावली भरून घेतो. 'कुटुंबातील कमावत्या व्यक्तींची संख्या' या रकान्यापुढे 'एक कोयता' असे उत्तर येते, आणि ते रकान्यात बसत नाही म्हणून तो तेथे 'दोन' असे लिहितो.