माशी शिंकते ती जागा

पाकपुस्तकात प्रत्येक पदार्थाचे दोन भाग असतात: साहित्य आणि कृती. साहित्याचे रसग्रहण आपण शाळेपासून करत आलो. कृतीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. म्हणून आज एका कृतीचे रसग्रहण. ती स्वयंपाकघरातली नाही. 1950 च्या दशकात आणि 60 च्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन्सन आणि एव्हिनरूड या दोन नावांनी, पण एकाच कंपनीकडून, होडीच्या मागे अडकवायची छोटी टू-स्ट्रोक इंजिने विकली जात. साडेपाच हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरांचे, एकट्या माणसाने उचलून किनाऱ्यापर्यंत नेण्याजोगे मशीन. त्याच्या कार्बोरेटरला पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या, स्क्रूसारख्या फिरणाऱ्या दोन नीडल असत, वरची स्लोची, खालची फुल स्पीडची; आत फिरवली की पेट्रोल कमी, बाहेर फिरवली की जास्त. त्या दोन नीडल सेट करण्याची ही कृती. सांगायला दहा वाक्ये पुरतात, कळायला एक हंगाम जातो.

तिची पहिली खुबी म्हणजे नायक उशिरा येतो. कार्बोरेटर सेट करायचा आहे ना, मग त्याला हात लावू नका. आधी प्लग बघा, पॉइंट साफ करा, कॉम्प्रेशन तपासा, टाकीतले गेल्या वर्षीचे पेट्रोल ओतून द्या. मग कार्बोरेटर खोलून धुवा. आतला फ्लोट जुन्या इंजिनात बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर शेलॅकचा हात दिलेला असतो. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल तो शेलॅक विरघळवते, बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि फ्लोट तरंगायचा विसरतो. असा फ्लोट आत असताना बाहेरून नीडल फिरवणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर झटकणे. हा सगळा पूर्वरंग ओलांडून आलेल्यालाच दोन नीडलपाशी बसायचा अधिकार.

मग मुळाक्षरे. नीडल आत फिरवत जागेवर टेकवायची, पण फक्त बोटांच्या जोराने. स्क्रू-ड्रायव्हरने आवळली की टोकाला गोल चर पडतो आणि त्यानंतर ती नीडल आयुष्यभर खोटे बोलते. टेकल्यावर खालची साधारण एक फेरा उघडायची, वरची दीड. हे आकडे म्हणजे उत्तर नव्हे. इंजिन सुरू होण्यापुरते उसने घेतलेले, सेटिंग जमल्यावर विसरायचे.

पुढची अट मला फार आवडते: इंजिन पाण्यात असले पाहिजे आणि पंखा फिरता. घरामागे नळाची नळी जोडून इंजिन थंड राहील, पण पंख्याला पाण्याचा रेटा नसेल तर फुल थ्रॉटलला ते उधळते आणि ऐकू येतो तो नुसता आरडाओरडा. आणि पाण्याशिवाय चालवले तर पंपाचा रबरी इंपेलर बघता बघता जळतो. ओझे अंगावर असतानाच इंजिन खरे बोलते. आधी फुल स्पीडला खालची नीडल लावायची, मग गिअरमध्येच, मिनिटाला सातेकशे फेऱ्यांच्या मंद चालीवर वरची.

या वरच्या नीडलपाशी कृतीचा गाभा आहे. पाव फेऱ्याहूनही कमी, जेमतेम अष्टमांश फेरा आत फिरवायचा आणि थांबायचे. दहा-पंधरा सेकंद, हात मागे. अधीर माणूस इथे हमखास चुकतो. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते. तिथल्या भिंती पेट्रोलने ओल्या असतात. नीडल आत्ता फिरवली तरी इंजिन काही क्षण जुन्याच शिदोरीवर चालते. थांबला नाहीत तर तुम्ही मागच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नाला लावत बसता.

थांबत, फिरवत पुढे गेले की आवाज सुधारत जातो. आधीची भडभड कमी होते. पेट्रोल जास्त असताना इंजिन एक फेरा सोडून एक फेरा पेटत असते, त्याची ती भडभड. धूर विरळ होतो, चाल एकसारखी होते, वेग थोडा वाढतो. स्कूटरच्या जमान्यात वाढलेल्यांना ही जागा ठाऊक आहे. मेकॅनिक कान तिरका करून स्क्रू फिरवायचा आणि नेमका इथे येऊन हसायचा. आता झाले, असे वाटते. कृती मात्र सांगते, अजून एक अष्टमांश. आणि इंजिन शिंकते.

अमेरिकन मेकॅनिकही त्याला शिंकच म्हणतात. पेट्रोल कमी पडले की मिश्रण रेंगाळत जळते. क्रँककेसमधून ताजे मिश्रण वर यायचा रस्ता उघडतो तेव्हाही ज्योत विझलेली नसते. ती खालच्या मिश्रणाला लागते आणि फट्‌कन कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते. बिघाड शोधताना आपण विचारतो, माशी कुठे शिंकली? या कृतीत ती मुद्दाम शिंकवायची असते. शिंक मिळाली की मागे यायचे, अष्टमांश ते पाव फेरा बाहेर, आणि तिथे सोडून द्यायचे.

म्हणजे कानाला सर्वांत गोड लागलेली जागा सोडून किंचित खरबरीत जागेवर मुक्काम! तंबोऱ्याची उपमा इथे मोडते. तंबोरा गोड लागला की जुळला. हे इंजिन गोड लागले की धोक्यात. याचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, साधारण 24 भागांना 1. पेट्रोल तोडले की तेलही तुटते, वर उष्णता वाढते, आणि फुल स्पीडला पिस्टन सिलिंडरला धरतो. ती थोडीशी भडभड म्हणजे पिस्टनच्या तोंडचा घास. सौंदर्याला शेवटच्या पायरीवर नकार देणारी अशी कृती माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

शेवटी पडताळा: मंद चालीवरून थ्रॉटल एकदम उघडा. इंजिन अडखळले तर वरची नीडल किंचित बाहेर. मग नीडलभोवतीचा पॅकिंगचा नट इतकाच आवळा की नीडल हाताला जड लागेल, पण फिरेल. नाहीतर थरथरीने ती आपली आपण फिरते आणि सकाळची मेहनत दुपारपर्यंत पाण्यात.

या कृतीत दोष नाही असे नाही. खरबरीत म्हणजे किती, हे ती सांगत नाही; ज्याला कान नाही त्याच्यासाठी तिच्याकडे शब्द नाहीत. शिवाय असे इंजिन पेट्रोलचा मोठा हिस्सा न जाळताच पाण्यात सोडते. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवरात 1999 पासून कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी झाली, ती उगाच नव्हे. त्याआधीच, 60 च्या दशकात, कंपनीने फुल स्पीडची नीडल हळूहळू काढून ठरावीक मापाचे जेट बसवायला सुरुवात केली होती. गिऱ्हाईक गोड आवाजावर थांबते आणि पिस्टन जाळते, हे कारखान्याला कळले असावे, असा माझा कयास.

तरीही कुणाच्या पडवीत असे इंजिन पडले असेल आणि हे वाचून हात शिवशिवले असतील, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. आधी इंपेलर बदला.