विमा शस्त्रक्रियेला, पाय शिबिराला : कृत्रिम अवयव आणि शासकीय आरोग्य विमा

कृत्रिम अवयवांचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दातृत्वाच्या सदरात मोडतो. आरोग्य विम्याच्या चर्चेत तो क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात या विभागणीचाच विचार करावयाचा आहे.

२०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिचा आधार मात्र रुग्णालयात दाखल होणे हा आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच तिचा पैस. मधुमेहातील गँगरीनमुळे गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या रुग्णाचे उदाहरण घेतले, तर ही मुदत किती तोकडी आहे हे ध्यानात येते. जखम भरण्यासच काही आठवडे जातात. उरलेला खुंट पुढे कित्येक महिने आक्रसत राहतो. त्यामुळे पहिले सॉकेट सैल पडते व बदलावे लागते. नंतर पाऊल झिजते, पट्टे तुटतात. गरज खऱ्या अर्थाने सुरू होते तेव्हा विम्याच्या लेखी रुग्ण बरा झालेला असतो!

महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या यादीत कृत्रिम अवयवांचा स्वतंत्र विभाग होता, ही नोंद घेतली पाहिजे. परंतु पॅकेज ही कल्पनाच एका प्रसंगाची किंमत ठरविणारी आहे. आयुष्यभराची दुरुस्ती तीत बसविणे कठीण.

उरते केंद्राची १९८१ पासूनची एडिप योजना. तिचे मोल नाकारता येत नाही. पण तिला उत्पन्नाची अट आहे, वाटप बरेचसे शिबिरांतून होते आणि एकदा साहाय्य घेतलेल्या प्रौढास ३ वर्षे थांबावे लागते. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेल्या जयपूर फूटच्या यशामुळे धर्मादाय संस्था हे काम करतीलच, अशी शासनाची समजूत झाली असावी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये मोफत साधने आणि सर्वसमावेशक विमा या दोहोंचा उल्लेख आहे, पण वेगवेगळ्या खंडांत. आणि तोही शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. वस्तुतः दोहोंची सांगड घालणारा दाखला जुनाच आहे. कामगार राज्य विमा योजनेत कृत्रिम अवयव वैद्यकीय लाभाचाच भाग मानला जातो. कारखान्यात हात गमावलेल्या विमाधारक कामगारास तो हक्काने मागता येतो. मळणीयंत्रात हात गमावलेला शेतमजूर मात्र पुढील शिबिराची तारीख विचारीत फिरतो.