नामावळीतील मौन : सोऽहम्-साधना आणि देगलूरचा दुवा

मराठी संतवाङ्मयात गुरुपरंपरेच्या नामावळीला स्वतंत्र रचनाप्रकार मानण्याची प्रथा नाही. ग्रंथाच्या उपसंहारात अथवा एखाद्या अभंगात ती येते. भाविक तिचे पठण करतात, अभ्यासक तीतून सनावळी काढू पाहतात आणि ती हाती न लागल्यास नामावळीलाच अविश्वसनीय ठरवतात. या दोन्ही वाचनांत एक गृहीत समान आहे. परंपरा म्हणजे न तुटलेली साखळी, आणि साखळीची प्रत्येक कडी मोजता आली पाहिजे, असे दोघेही मानतात. नाथपंथीय सोऽहम्-साधनेच्या ज्या शाखेत नांदेड जिल्ह्यातील देगलूरचे नाव येते, तिच्या आधारे हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे.

साधनेचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या संस्कृत ग्रंथात म्हटल्याप्रमाणे जीव हकाराने बाहेर जातो आणि सकाराने आत येतो. असा त्याचा अहोरात्र एकवीस हजार सहाशे वेळा जप चालतो. अहोरात्रात १४४० मिनिटे धरली, तर हा हिशेब मिनिटाला बरोबर १५ श्वासांचा होतो. हंस या शब्दाचा क्रम उलटला की सोऽहम् होते. हा जप करावयाचा नसून चाललेलाच आहे, म्हणून त्याला अजपा म्हणतात. गुरूने द्यावयाचे ते येथे फार थोडे असते. जे आपोआप चालले आहे त्याकडे लक्ष वळवणे, एवढेच. परंतु एवढे देण्यासाठी गुरू हवाच, असा पंथाचा आग्रह आहे. नामावळीचा प्रश्न या आग्रहातून उत्पन्न होतो.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येणारी परंपरा हा या प्रकाराचा मराठीतील श्रेष्ठ नमुना होय. क्षीरसागराच्या परिसरात शंकरांनी पार्वतीला सांगितलेले गुज मत्स्याच्या उदरातील मच्छिंद्रांना मिळते. सप्तशृंगीवर भग्नावयव चौरंगी त्यांच्या भेटीने सर्वांगांनी पूर्ण होतात. पुढे गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा क्रम लागतो. येथे नावांबरोबर कृती आहेत. मच्छिंद्रांना अखंड समाधी भोगावयाची आहे, म्हणून ते आपली मुद्रा गोरक्षांना देतात; कलीने पीडलेल्या जीवांना सोडवावे अशी आज्ञा गहिनी निवृत्तींना करतात. ही आज्ञा विशेष महत्त्वाची आहे. गुप्त राखलेले ज्ञान देशी भाषेत उघड करण्याचा अधिकार ज्ञानदेव स्वतःच्या प्रतिभेला न देता परंपरेतील एका आदेशाला देतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झालेल्या या ग्रंथात नामावळी वंशवृक्ष म्हणून येत नाही. ती ग्रंथरचनेच्या अधिकाराचे समर्थन म्हणून येते.

मुकुंदराजांच्या परंपरेशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. विवेकसिंधूचा काळ ग्रंथातील उल्लेखानुसार शके १११०, म्हणजे ११८८, असा सांगितला जातो. त्याच्या कर्त्याची समाधी लातूरजवळच्या अंबाजोगाईस दाखवली जाते. त्यांच्या परंपरेचा आरंभही आदिनाथांपासूनच होतो. मात्र त्यानंतर हरिनाथ आणि रघुनाथ ही वेगळी नावे येतात. दोन नामावळ्या एकाच नावापासून निघून दुसऱ्याच नावापाशी वेगळ्या होतात. याचा अर्थ एक खरी व दुसरी खोटी असा नव्हे. आदिनाथ हे नाव कालक्रमातील पहिले नाव म्हणून येत नाही. या ज्ञानाचा उगम मनुष्याच्या बुद्धीत नाही, या सिद्धांताचे ते नाव आहे. नामावळीचा आरंभ तत्त्वात असतो आणि शेवट इतिहासात. मधल्या प्रदेशात तत्त्व कोठे संपते व इतिहास कोठे सुरू होतो, हे शोधणे हेच समीक्षेचे काम आहे.

या दृष्टीने मराठवाड्यातील दुसरी एक नामावळी उपयोगी पडते. वैजापूर तालुक्यातील शिऊरशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या बहिणाबाईंनी आदिनाथांपासून तुकारामांपर्यंतची परंपरा अभंगात सांगितली आहे. ज्ञानदेवांनंतर तीत सच्चिदानंद, विश्वंभर, राघव, केशव व बाबाजी अशी पाच नावे येतात. ज्ञानदेवांची समाधी १२९६ मधली. तुकारामांचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. सुमारे साडेतीन शतकांना पाच नावे, म्हणजे एकेका नावाच्या वाट्याला साठ-सत्तर वर्षे येतात. पण तुकारामांना बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला, हे परंपरा लपवीत नाही. उलट अभिमानाने सांगते. ज्या परंपरेला स्वप्नातील अनुग्रह मान्य आहे, तिच्याकडे प्रत्यक्ष भेटींची नोंदवही मागणे हा तिच्यावर चुकीच्या न्यायालयात चालवलेला खटला होय.

आता देगलूरच्या दुव्याकडे वळता येईल. रत्नागिरीजवळील पावस येथील स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी आपली परंपरा एका लहानशा अभंगात गुंफली आहे. ज्ञानदेवांनंतर तीत देवचूडामणी आणि गुंडाख्य ही नावे येतात. त्यांच्यापुढे रामचंद्र, महादेव, पुन्हा रामचंद्र, विश्वनाथ आणि स्वरूपानंदांचे गुरू गणेशनाथ, म्हणजेच पुण्याचे बाबामहाराज वैद्य, असा क्रम आहे. गुंडाख्य म्हणजे देगलूरचे गुंडामहाराज, असे परंपरेत मानले जाते. त्यांचा काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध व एकोणिसाव्याचा आरंभ हा होय.

या यादीची घनता पाहण्यासारखी आहे. ज्ञानदेवांपासून गुंडामहाराजांपर्यंतच्या साडेचारशेहून अधिक वर्षांच्या अंतरात मधले नाव एकच आहे. गुंडामहाराजांपासून १९७४ पर्यंतच्या सुमारे दीड शतकात मात्र स्वरूपानंदांसह सहा नावे येतात. म्हणजे पिढीला पंचवीस वर्षे, हे मानवी आयुष्याचे स्वाभाविक प्रमाण येथे साधते. तत्त्वाची भूमी संपून इतिहासाची भूमी लागते ती देगलूरपाशी. गुंडाख्य या नावाला कवीने ‘आदि’ हे पद जोडले आहे, तेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. नावे आणखी आहेत, ती सर्व येथे सांगितलेली नाहीत, असे नामावळी स्वतःच सुचवते. वाचक जी पोकळी उघडकीस आणू पाहतो, तिच्याकडे रचनाकाराने आधीच बोट दाखवले आहे.

हा दुवा देगलूरला मिळावा याला स्थळाचाही संदर्भ आहे. देगलूर हे मराठी, कन्नड व तेलुगू यांच्या संगमावरचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे तेलुगू भाषिक निजामाबाद जिल्ह्यास जोडली गेली. तर बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी मुलुखात आले आणि १९८२ मध्ये झालेल्या लातूर जिल्ह्यात ते आज मोडतात. १९४८ पर्यंत या सर्व प्रदेशावर निजामाची सत्ता होती आणि राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा प्रदेशात मराठी ग्रंथाचा अभ्यास शाळेने नव्हे, मठाने व फडाने टिकवला. देगलूरकर घराण्याने ज्ञानेश्वरीचे निरूपण पंढरपुरात पिढ्यान्‌पिढ्या चालवले. विसाव्या शतकात धुंडामहाराज देगलूरकर यांचे नाव त्यासाठी सर्वतोमुखी झाले. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाचे चक्रीभजन माघ महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात होते. नावाने नाथ, आचाराने वारकरी, असा हा संयोग आहे. श्वासाची साधना कानातून कानात आणि भजनाचा ठेका पावलातून पावलात, अशा दोन वाटांनी एकच वारसा या भागात वाहिला.

येथे भाविकांच्या बाजूच्या एका समजुतीचीही चिकित्सा अवश्य आहे. नाथांची साधना जशीच्या तशी आजवर आली, असे सांगितले जाते. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय याला दुजोरा देत नाही. गीतेतील मोजक्या श्लोकांवर ज्ञानदेवांनी तेथे वज्रासन, तीन बंध, कुंडलिनीचे जागरण आणि देहाचे रूपांतर यांचे विस्तृत वर्णन उभारले आहे व त्यात नाथांच्या संकेताची खूण असल्याचे स्वतःच सांगितले आहे. स्वरूपानंदांच्या उपदेशात या कठोर देहसाधनेचा भर उरलेला नाही. श्वासावरचे अवधान आणि त्यासोबत भक्ती एवढेच उरले आहे. साधनाप्रकार बदलला, हे मान्य केले पाहिजे. मात्र हा बदल परंपरेबाहेरून आलेला नाही. बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांचे कष्ट वर्णून भक्तीची वाट सुगम ठरवणारे ज्ञानदेवच आहेत. सहाव्या अध्यायातही, या मार्गास काही विशेष योग्यता लागते काय, असे अर्जुन विचारतो, तेव्हा योग्यता ही प्राप्तीवरून ठरते अशा आशयाचे उत्तर त्यांनी श्रीकृष्णमुखी घातले आहे. अधिकाराचे दार तेथेच सैल झाले आहे.

तेव्हा परंपरेचे सातत्य कृतीच्या तपशिलात नाही आणि सनावळीतही नाही. ते एका अनुज्ञेत आहे. ज्याला मिळाले त्याने पुढे द्यावे, आणि देताना घेणाऱ्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे, ही ती अनुज्ञा. गहिनींच्या आदेशात ती प्रथम दिसते आणि स्वरूपानंदांच्या अभंगातील कोरड्या नावांमागेही तीच आहे. ज्ञानदेवांच्या नामावळीत कथा आहेत, कारण ती ज्ञान प्रथमच उघड करीत होती आणि तिला समर्थनाची गरज होती. स्वरूपानंदांच्या नामावळीत कथा नाहीत. समर्थन झालेलेच होते, उरले होते ते केवळ ऋण.

असे ऋणपत्र वाचताना अभ्यासकाने रिकाम्या जागा कल्पनेने भरू नयेत, आणि त्या रिकाम्या आहेत म्हणून पत्रच फाडू नये. नामावळी जेथे विरळ आहे तेथे तिचा सिद्धांत वाचावा; जेथे दाट होते तेथून त्या त्या गावांतील मठांच्या सनदा, बाडे व कीर्तनाच्या वह्या शोधाव्यात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या मराठी वाङ्मयाचा निजामी राजवटीतील इतिहास छापील पुस्तकांवरून लिहिता येणार नाही. तो लिहावयाचा तर त्याची पहिली साधने या नामावळ्यांतील गावांत आहेत, आणि त्या गावांत देगलूर अग्रभागी आहे.