मंच आणि वर्ग

वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विचार आपल्याकडे बहुधा चळवळीच्या संदर्भातच होतो. मंचावरचे लोक आदिवासींना त्यांचीच दुःखे ऐकवतात, हा तिचा विषय. तेव्हा नेतृत्वाच्या प्रश्नापाशी वाचन थांबावे, हे स्वाभाविकच. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील, शहादा-अक्राणीकडचा शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणला की तीच मांडणी तिथेही दिसते. फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक प्रमाण मराठीत बोलतो. घरी पावरी वा देहवाली बोलणारे मूल खाली बसून, आपण कोण आहोत हे दुसऱ्यांच्या शब्दांत ऐकते. ‘निसर्गपुत्र’ हा शब्द त्याने निवडलेला नसतो. (तो आम्हा समीक्षकांचाही लाडका!)

२०११च्या जनगणनेत भिली या भाषेखाली, तिच्यात गणलेल्या इतर मातृभाषांसह, एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली. तरीही ती आठव्या अनुसूचीबाहेर आहे. तिला ‘बोली’ ठरवण्यात भाषाविज्ञानापेक्षा सत्तेचा वाटा मोठा आहे. नव्वदच्या दशकात नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी पावरीला वर्गात स्थान दिले, ही म्हणूनच निव्वळ अध्यापनाची सोय नव्हती. त्यामुळे बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागाच बदलू लागल्या.

समीक्षेच्या जागा मात्र बदललेल्या नाहीत. सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा संग्रह भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असूनही आपण उद्धृत करतो तो मराठी पाठ, आणि त्यालाच आदिवासींचा आवाज म्हणतो. भिली पाठाची लय कोणी तपासली? मीही हे मराठी पाठावरूनच लिहीत आहे.