सी सेंटरचा निकाल

सिनेमाच्या वितरकांनी महाराष्ट्राची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. मुंबई-पुणे म्हणजे ए सेंटर, जिल्ह्याची गावं बी सेंटर आणि त्याखालचं उरलंसुरलं सगळं सी सेंटर. माळशिरस तालुक्यातलं नातेपुते या हिशेबात अगदी शेवटच्या रांगेत. पुण्याहून पंढरपूरला जाताना सातारा जिल्हा संपला की थोड्याच अंतरावर लागणारं हे बाजाराचं गाव. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीचा इथं मुक्काम असतो. एखादं पिक्चर 'सी सेंटरचं' आहे असं या धंद्यात कुणी म्हटलं, की ते बटबटीत, आचरट आणि अकलेनं बेताच्या माणसांसाठी केलेलं आहे, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. म्हणजे सिनेमा वाईट ठरायच्या आधी त्याचा प्रेक्षकच वाईट ठरलेला असतो.

खरोखर भिकार सिनेमा कोणता, हा वाद चहाच्या टपरीपासून चित्रपट महोत्सवापर्यंत सगळीकडे रंगतो. त्यात बहुतेक जण भलत्याच आरोपीला फासावर चढवतात. कुणाला अश्लील ते भिकार वाटतं, कुणाला रडकं ते, कुणाला स्वस्तात केलेलं ते, तर कुणाला पडलेलं ते. हे चारही आरोप मला मान्य नाहीत.

अश्लीलतेच्या आरोपाखाली मराठीत सर्वांत जास्त शिक्षा भोगली ती दादा कोंडक्यांनी. 'सोंगाड्या' 1971 चा, 'पांडू हवालदार' 1975 चा. लागोपाठ नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव करून दादांनी गिनीज बुकात नाव नोंदवलं, तरी घराघरांत त्यांचं नाव दबक्या आवाजातच घेतलं जायचं. दादांचे शेवटचे काही सिनेमे, विशेषतः हिंदीतले, पाहवत नाहीत हे मीही म्हणतो. पण ते द्व्यर्थी संवादांमुळे नव्हे. 'सोंगाड्या'मध्ये वसंत सबनिसांची लेखणी होती, आईच्या धाकातला भोळा गडी होता आणि त्या भोळेपणाला आव्हान देणारी खरी गोष्ट होती. पुढं पुढं गोष्ट गळून गेली आणि नुसता चावटपणा शिल्लक राहिला. फडात उभ्या राहिलेल्या सोंगाड्याला समोरच्या माणसाचं उत्तर ऐकू येतं आणि तो त्यावर पुढची कोटी रचतो. उत्तरकाळातल्या दादांना ते उत्तर ऐकू येईनासं झालं होतं, एवढंच.

नातेपुत्याच्या भागातल्या प्रेक्षकाचं उत्तर ऐकू येत नसेल, तर दोष ऐकणाऱ्याचा. कीर्तनात बुवा पाट्या टाकायला लागले की इथल्या म्हाताऱ्यांना पहिल्या अभंगातच कळतं. शेजारच्या अकलूजला राज्यभरातल्या पार्ट्यांची लावणी स्पर्धा व्हायची आणि तिथं ढोलकी कुठं चुकली हे मागच्या रांगेतला उसाचा शेतकरीही सांगायचा. अशा माणसांना काहीही चालतं, हे मुंबईतल्या कुणीतरी ठरवून टाकलेलं आहे.

माझ्या पिढीनं गावात सिनेमा पाहिला तो दोन ठिकाणी, जत्रेतल्या तंबूत आणि गणपतीतल्या व्हिडिओवर. तंबूचं बरंच कौतुक झालं आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आपल्याकडच्या फिरत्या टॉकीजवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. व्हिडिओच्या रात्रीबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. मंडपापुढं टेबल, टेबलावर रंगीत टीव्ही, खाली व्हीसीआर, समोर पोती अंथरलेली. वर्गणीतून भाड्यानं आणलेला हा संच सकाळी परत करायचा असल्यामुळे रात्रभर वसूल करायचा. पहिलं पिक्चर देवाचं, बायका आणि म्हाताऱ्यांसाठी. दुसरं दादांचं नाहीतर मिथुनचं. तिसरं व्हिडिओवाल्याच्या पिशवीत जे असेल ते. मधेच पडद्यावर मुंग्या आल्या की तो कोरी नोट काढून हेड पुसायचा आणि लोक तेवढ्यात बिडी ओढून यायचे.

या तिसऱ्या पिक्चरच्या वेळी समीक्षा व्हायची. कुणी बोलायचं नाही, लोक उठायचे. पोतं झटकून घडी घातल्याचा आवाज आला की निकाल लागला. गंमत अशी, की अत्यंत गबाळं, कापडी डोंगरांचं आणि पुठ्ठ्याच्या तलवारींचं पिक्चर पहाटेपर्यंत बघितलं जायचं आणि चकचकीत, मोठ्या नटांचं पिक्चर अर्ध्यात सोडलं जायचं. स्वस्तात केलेलं म्हणजे भिकार हा आरोप त्या पोत्यांवरच निकालात निघाला होता.

रडक्या सिनेमाची गोष्टही तशीच. 1991 साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. मूळ राजस्थानी 'बाई चाली सासरिये'वरून बेतलेला, अलका कुबल यांना घराघरांत नेऊन बसवणारा. शहरातल्या समीक्षकांनी नाकाला रुमाल लावला आणि खेड्यापाड्यांतल्या बाया गाड्या करून तालुक्याला गेल्या. मला विचाराल तर सिनेमा म्हणून तो कच्चा आहे. सासू एकाच सुरात छळते, कॅमेरा जिथं ठेवला तिथून हलत नाही, पार्श्वसंगीत तर अश्रूंची उधारी वसूल करायलाच बसलेलं आहे. पण थिएटरात हुंदके देणारी बाई पडद्यावरच्या लेकीसाठी रडत नव्हती. तिला स्वतःसाठी चारचौघांत रडायची सोय त्या काळोखात पहिल्यांदाच मिळाली होती. एवढी मोठी गरज ज्यानं ओळखली, त्याला मी भिकार म्हणणार नाही. त्याच्यामागून आलेल्या, कुंकू आणि चुडा यांची नावं लावून फिरणाऱ्या नकलांना जरूर म्हणेन. हे दुखणं जुनंच आहे. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'नं पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे काढले आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक निर्मात्याला पाटील, फड आणि दारूचा पेला एवढ्यावर ग्रामीण चित्रपट होतो असं वाटत राहिलं.

अडाणीपणे केलेल्या सिनेमाबद्दल जगभर एक वेगळंच प्रेम आहे. अमेरिकेत एड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ला सर्वांत वाईट सिनेमाचा मान मिळाला. त्यातला मुख्य नट बेला लुगोसी आधीच वारला होता, तर त्याच्या जागी दुसराच माणूस तोंडावर झगा धरून वावरतो. टॉमी वायझोचा 'द रूम' (2003) पाहायला लोक आजही प्लास्टिकचे चमचे घेऊन जातात आणि पडद्यावर फेकतात. आपल्याकडे कांती शाहचा 'गुंडा' (1998) हॉस्टेलच्या पोरांनी डोक्यावर घेतला. त्यातले खलनायक यमक जुळवल्याशिवाय धमकीसुद्धा देत नाहीत. ही मौज आहे, पण ती पोट भरलेल्यांची. 'गुंडा' लहान गावांतल्या थिएटरांसाठी काढला होता आणि तिथं तो कुणी हसण्यासाठी पाहिला नाही. तिकीट काढलेला माणूस हाणामारी पाहायला आला होता आणि कांती शाहनं त्याला ती दिली. वुड असो, वायझो असो की शाह, या तिघांनाही समोर प्रेक्षक हवा होता, जीव तोडून हवा होता. त्यांच्याकडे हुन्नर नव्हता, बेपर्वाई मात्र अजिबात नव्हती.

खरा भिकार सिनेमा मला या बेपर्वाईत दिसतो. त्याचं उदाहरण द्यायला सोलापूर जिल्ह्यासारखी जागा नाही.

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू माळशिरस तालुक्यातल्या अकलूजची. तोवर मराठी पडद्यावरचं खेडं कुठलंही असलं तरी बोलायचं कोल्हापुरी. 'सैराट'मध्ये पहिल्यांदा आमच्याकडची हेल काढून बोलणारी पोरं, केळीच्या बागा, विहिरी, ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची मुलगी दिसली. त्यात दोषही आहेत. पूर्वार्धातल्या गाण्यांत दिग्दर्शक स्वतःच रमतो, हैदराबादचा भाग लांबतो. पण वर्गात दलित साहित्य शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत प्रिन्स मारतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या थांबतात. आणि शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात, आर्ची चहा टाकायला वळते, तेव्हा 'माहेरची साडी'त जिच्यासाठी लेक झुरली तीच माहेरची माया इथं काय घेऊन आली आहे हे आपल्याला कळतं. या दोन सिनेमांत 25 वर्षांचं अंतर आहे. दुसरा पहिल्याला दिलेला जबाब आहे असं मी मानतो, मंजुळ्यांच्या मनात तसं असो वा नसो.

दोन वर्षांनी याच गोष्टीचा 'धडक' झाला. शशांक खैतान दिग्दर्शक, करण जोहर निर्माते. छायाचित्रण देखणं, कपडे नेटके, उदयपूरचे तलाव आणि महाल रेखीव, संगीत पुन्हा अजय-अतुल यांचंच. तांत्रिक परीक्षेत 'गुंडा'ला 10 आणि याला 90 गुण पडतील. तरी माझ्या लेखी या दोघांत वाईट सिनेमा 'धडक' आहे. ज्या कारणानं त्या दोन पोरांचा जीव गेला, ती जात तिथं तोंडी लावण्यापुरती उरली. नायकाची गरिबी गेली, तिच्या जागी हॉटेलवाल्याचा मुलगा आला. त्या थपडेचं वजन उदयपूरपर्यंत पोचलंच नाही. करमाळ्याच्या मातीतून रोप उपटताना मुळं तिथंच ठेवली आणि फुलं तेवढी कुंडीत खोचली. एवढं कसब, एवढा पैसा हाताशी असताना ही गोष्ट नेमकी कशाबद्दल आहे हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही, आणि 'पब्लिकला काय कळतंय' या भरवशावर ते खपवलंही. पैसे मिळाले, हे खरं आहे. धंद्याचा निकाल मी लावत नाही.

'आदिपुरुष'बद्दल फार लिहायला नको. ओम राऊत आपलेच. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' त्यांनी केले तेव्हा कौतुक झालं. 2023 साली त्यांनी शेकडो कोटी खर्चून रामायण केलं. प्रत्येक थिएटरात एक खुर्ची मारुतीरायासाठी रिकामी ठेवायची घोषणा झाली आणि पडद्यावरच्या मारुतीच्या तोंडी नाक्यावरच्या टपोरी पोरांची भाषा घातली. लोक खवळल्यावर काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. पारायणं ऐकून वाढलेल्या बाईला मारुती कसा बोलतो हे पाठ असतं, याचा विचार खुर्ची ठेवणाऱ्यांना शिवला नव्हता.

पण 'धडक' आणि 'आदिपुरुष' यांना निदान आमच्या खिशातला पैसा हवा होता. मराठीत याहूनही खालची एक पायरी आहे आणि ती कुणालाच माहीत नसते, कारण ते सिनेमे कुणी पाहिलेलेच नसतात.

मराठी चित्रपट जगावा म्हणून राज्य सरकारनं 1975 मध्ये करपरतावा योजना आणली. पहिल्या सिनेमावर भरलेला करमणूक कर दुसरा सिनेमा काढला की परत मिळायचा. त्यात एक शहाणपण होतं. कर जमा व्हायचा तर तिकिटं खपायला हवीत आणि तिकिटं खपायची तर प्रेक्षक यायला हवा. पुढं थेट अनुदान आलं. समिती सिनेमा पाहते, गुण देते, 'अ' दर्जा मिळाला तर 40 लाख, 'ब' मिळाला तर 30. हेतू चांगला आणि त्या पैशावर काही उत्तम सिनेमे तगले, हे नाकारायचं कारण नाही. पण प्रेक्षकाची गाठ इथं सुटली. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी सिनेमे निघतात. त्यांतले किती नातेपुत्यासारख्या गावातल्या माणसाला नावानं तरी माहीत असतात? विषय 'सामाजिक' निवडायचा, शेतकरी किंवा शाळा किंवा स्त्रीभ्रूणहत्या, शेवटी एक भाषण घालायचं, कुठल्यातरी थिएटरात सकाळचे खेळ लावून प्रदर्शनाचा कागद मिळवायचा आणि फाईल पुढं सरकवायची. त्यात अश्लील काही नसतं, रडकंही फारसं नसतं, कधी कधी छायाचित्रणही बरं असतं. नसतो तो फक्त बघणारा, आणि त्याची उणीवही कुणाला भासत नाही. माझ्या मते यापेक्षा वाईट सिनेमा असू शकत नाही. दादांच्या सर्वांत चावट सिनेमातही समोर बसलेल्या माणसाची खुशामत तरी होती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. प्रेक्षकही चुकतो. जब्बार पटेलांचा 'सामना', लेखक तेंडुलकर, विषय साखर कारखानदारीच्या पट्ट्यातली सत्ता, म्हणजे आमच्या दारातली गोष्ट. पहिल्या फेरीत तो पडला. 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत जाऊन आल्यावर पुन्हा लावला तेव्हा कुठं चालला. 'सूर्यवंशम'ही 1999 मध्ये पडला होता, आता टीव्हीवर बघून बघून लोकांना तोंडपाठ आहे. म्हणून गर्दी किती जमली यावरून मी निकाल लावत नाही. पण पडलेल्या 'सामना'नं निळू फुले आणि डॉ. लागू यांच्या मधोमध प्रेक्षकाला बसवलं होतं आणि त्यानं विचार करावा अशी अपेक्षा ठेवली होती. त्याला उठून जाण्याची संधी दिली, आणि परत येण्याचीही.

तेव्हा सांस्कृतिक खात्याला आणि अनुदान समितीला एक विनंती. गुण देण्याआधी प्रत्येक सिनेमाचा एक खेळ मुंबईबाहेर, एखाद्या सी सेंटरला लावा. फुकट नको, तिकीट ठेवा, दहा रुपयांचं का असेना. समितीनं शेवटच्या रांगेत बसावं आणि मध्यंतरानंतर किती जण परत येऊन बसले एवढं मोजून कागदावर लिहावं. सुरुवात नातेपुत्यापासून केली तरी चालेल.