आत्या, मजा आली का?

२०१७ चा मार्च महिना. महावीर जयंती महिन्यावर आली होती आणि मी हैदराबादला भाच्याच्या खोलीवर होते. गडी इंजिनिअरिंगला शिकायला. म्हणाला, "आत्या, मेहकरला तर टॉकीज नाही. चल, तुला मोठ्या पडद्यावर इंग्लिश पिच्चर दाखवतो." सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं आणि गेले. पिच्चरचं नाव 'लोगन'. अडीच तासांनी बाहेर आलो तर त्यानं विचारलं, "आत्या, मजा आली का?" मी म्हणाले, "छे! नुसतं रक्त. डोकं दुखलं माझं."

बायांनो, ते खोटं होतं. मला मजा आली होती.

आधी पिच्चरचं सांगते. हा लोगन म्हणजे अमेरिकेतल्या चित्रकथांमधला वुल्व्हरिन. १९७४ साली तो मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समध्ये पहिल्यांदा आला. मुठीतून पोलादाहून कठीण नख्या निघतात, जखमा आपोआप भरतात. आपण लहानपणी 'इंद्रजाल'मधला वेताळ वाचायचो ना, त्याच जातीचा नायक, पण फार रागीट. 'ओल्ड मॅन लोगन' नावाच्या चित्रकथेचा थोडा आधार घेऊन दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्डनं हा सिनेमा केला. काळ २०२९ चा. लोगन म्हातारा झालाय, खोकतो, लंगडतो, भाड्याची गाडी चालवतो. ज्या धातूनं तो अजिंक्य झाला, तोच आतून विष होऊन त्याला खातोय. नव्वदीतल्या आजारी गुरुजींची तो सेवा करतो, त्यांना उचलून नेतो, औषध देतो. ह्यू जॅकमननं हे काम असं केलंय की घरात म्हातारं माणूस सांभाळलेल्या कुठल्याही बाईला ते ओळखीचं वाटेल.

आणि मारामारी? ती पहिल्या पाच मिनिटांतच. चोर गाडीची चाकं काढताहेत, हा आत झोपलाय. उठतो, मार खातो, एक नखी धड बाहेरही येत नाही. मग चवताळतो. हात तुटतात. पूर्ण थिएटर ओरडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं!" पाणी गाळून पिणारी बाई मी, दिव्यावर किडा येऊ नये म्हणून जपणारी.

याला आपल्या शास्त्रात नाव आहे. रौद्रध्यानाचे चार प्रकार आपण पाठ केलेत, त्यातला पहिलाच हिंसानंदी. हिंसेत आनंद मानणं. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे केलं, करवलं, किंवा दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावली, तिन्हीनं कर्म बांधलं जातं. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत 'दुःश्रुती' आहे, मन मलीन करणाऱ्या कथा ऐकणं. सिनेमा निघायच्या हजार-दीड हजार वर्षं आधी आपल्या आचार्यांना प्रेक्षक माहीत होता! म्हणून "खोटंच तर रक्त आहे" असं म्हणून मला सुटता येत नाही. रक्त खोटं होतं, माझा आनंद खरा होता.

पण मग पुढचंही खरं सांगायला हवं. हा सिनेमा तो आनंद आपल्या हातात राहू देत नाही. रस्त्यावर एका शेतकरी कुटुंबाचे घोडे उधळतात, हे लोक मदत करतात, आणि ते कुटुंब त्यांना रात्री जेवायला, मुक्कामाला ठेवतं. कित्येक वर्षांनी लोगन घरच्या ताटावर बसतो. त्याच रात्री त्याच्याच रक्तापासून बनवलेला, त्याच्यासारखाच दिसणारा तरुण मारेकरी घरात शिरतो. गुरुजी जातात, मुलगा जातो, आई जाते. शेवटी जखमी शेतकरी त्या मारेकऱ्याला गोळ्या घालतो आणि मग बंदूक लोगनवर रोखतो. चाप ओढतो, गोळी संपलेली असते, आणि तो कोसळतो. त्याच्या लेखी दोघांत फरक नाही. थिएटरात त्या वेळी कुणी ओरडलं नाही. "बरं झालं" म्हणालेली मी पदर तोंडाला लावून बसले होते. नख्या त्याच होत्या, फक्त या वेळी त्या कुणाच्या अंगात शिरतात ते दिसलं.

मला तिथं आपलं पद्मपुराण आठवलं. आपल्या रामकथेत रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. राम बलदेव, लक्ष्मण वासुदेव. युद्ध जिंकून देणारा शूर लक्ष्मण नरकात जातो, आणि राम दीक्षा घेऊन मोक्षाला. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. आजी म्हणायची, "जिंकला म्हणून हिशोब फिटत नाही, बाळ." लोगन हा वासुदेवच आहे. न्यायाच्या बाजूचा, पण मारलेल्यांचं ओझं वाहणारा. स्वतःला संपवायला एक गोळी तो जवळ बाळगून असतो. त्याच्या मरणानंतर ती मुलगी थडग्याशी 'शेन' या १९५३ च्या सिनेमातले शब्द म्हणते. त्यांचा मतलब एवढाच, की मारलेल्याचा डाग पुसता येत नाही.

इथंच माझी तक्रार आहे. ती मुलगी, लॉरा, अकरा वर्षांची. तिला प्रयोगशाळेत शस्त्र म्हणून वाढवलेलं. पण तिची कत्तल कॅमेरा फार चवीनं दाखवतो. ती पहिल्यांदा एक मुंडकं टाकते तेव्हा थिएटर हसलं. शेवटी सगळी मुलं मिळून खलनायकाला हालहाल करून मारतात, तेही टाळ्या घेण्यासाठीच. मधल्या रात्री जो धडा दिला तो दिग्दर्शक शेवटी स्वतःच विसरतो. डाग पुसता येत नाही, तर या लेकरांच्या हाताला लागलेल्याचं काय? सिनेमा विचारत नाही, मुलं सरहद्द ओलांडून निघून जातात.

तुम्ही म्हणाल, बघितलासच कशाला? खरंय. पण दशलक्षणात भरत-बाहुबलीची कथा लागते तेव्हा आपण सगळ्या सरसावून बसतो की नाही? जिनसेनाचार्यांचं आदिपुराण इथलंच, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटच्या काळातलं, म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. दोन सैन्यं कापायची सोडून दोघंच लढतात. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. बाहुबली भावाला डोक्यावर उचलतो तेव्हा माझ्या पोटात अजून गुदगुल्या होतात. आचार्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी कुस्ती रंगवली, आपल्याला पुढं ओढलं, आणि बाहुबलीला भरताला खाली ठेवायला लावलं. आनंद वळवायचा कसा ते त्यांना जमलं. 'लोगन'ला अर्धंच जमलं. पण अर्धं जमणंही मारामारीच्या सिनेमात थोडं नाही.

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले. हिंसेच्या अनुमोदनेचं म्हटलं, मग जीभ अडली. असत्याचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बीदरच्या गाडीत बसताना भाच्याला म्हणाले, "मजा आली होती रे. आणि मग वाईट वाटलं. दोन्ही खरं."

तो हसला नाही. म्हणाला, "मलाबी तसंच झालं, आत्या. मला वाटलं तू रागवशील म्हणून बोललो नाही." गाडी सुटेपर्यंत आम्ही त्या शेतकऱ्याच्या घराबद्दलच बोलत होतो.